अर्ध्या गोळीचा नियम आणि एक परात

अर्जदार : कु. हर्षा राजकुमार कापगते, बी.एस्सी. (संख्याशास्त्र)
कॅम्प-१, भिलाई
दिनांक : १८ जून २०२४

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
विभागीय औषध-मात्रा नियमन कक्ष,
भिलाई (छत्तीसगढ)

विषय : निवृत्त कामगार श्री. गुलाबराव कापगते यांना रक्तदाबाची पूर्ण गोळी घेण्याचा लेखी आदेश मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे अर्ज, त्यांवरील आपल्या कक्षाची उत्तरे, आणि श्री. कापगते यांना समक्ष हजर राहण्याची आपली सूचना.

महोदय,

१. हा अर्ज मराठीत का, याचा खुलासा प्रथम करते. आधीचे अर्ज मी हिंदीतच केले होते. शेवटच्या अर्जासोबत माझ्या आजोबांचे, म्हणजे श्री. गुलाबराव यांचे, निवेदन होते. ते मराठीत होते, कारण घरी ते तीच भाषा बोलतात. अर्ज आणि जोडपत्र यांची भाषा एक नाही, या कारणाने आपल्या कक्षाने दोन्ही परत पाठवले. आजोबांची भाषा या वयात बदलणे शक्य नसल्याने अर्जाची बदलली आहे. हिंदी भाषांतर जोडलेले नाही, कारण मग पुन्हा दोन भाषा होतील.

२. आजोबा पंचाहत्तर वर्षांचे आहेत. पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातून, म्हणजे कोळसा भाजण्याच्या भट्ट्यांवरून, ते निवृत्त झाले. मार्च महिन्यात चहाचा ग्लास त्यांच्या डाव्या हातातून गळून पडला आणि काही वेळ तो हात उचललाच जाईना. वस्तीतील आरोग्य केंद्रात रक्तदाब १९०/११० निघाला. डॉक्टरांनी सांगितले, रोज एक पूर्ण गोळी हवी. आणि चिठ्ठीवर लिहिली अर्धी. मी कारण विचारले, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा आपल्या कक्षाचा नियम दाखवला : औद्योगिक कामगार व निवृत्त कामगार यांना या औषधाची अर्धी मात्रा पुरेशी आहे. औषधे देणारे शामसुंदर यांनी गोळी मोडून अर्धी आजोबांना दिली. उरलेली अर्धी रांगेतल्या पुढच्या माणसाला दिली.

३. हा नियम १९९७ साली एका संशोधन समितीने कामगारांवर घेतलेल्या चाचणीवर आधारलेला आहे. तिचा अहवाल मी मिळवून वाचला. अर्ध्या कामगारांना पूर्ण ताकदीची गोळी दिली होती, अर्ध्यांना अर्ध्या ताकदीची. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या, आणि कोणाच्या बाटलीत कोणती हे कामगारांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. शेवटी दोन्ही गटांचा रक्तदाब सारखाच उतरला, तेव्हा समितीने अर्धी मात्रा पुरते असा निष्कर्ष काढला. पद्धतीत मला दोष सापडला नाही. खटकले ते एवढेच की दोन्ही गटांत घोटे सुजण्याचे प्रमाणही सारखेच होते. या औषधाने काहींचे घोटे सुजतात, आणि मात्रा जास्त तर सूजही जास्त, हे माहीत असलेले आहे. मग दोन निरनिराळ्या मात्रांनी घोटे सारखे कसे सुजले?

४. उत्तर घरातच होते, कारण त्या चाचणीत आजोबा स्वतः होते. चाचणी पूर्ण केल्याबद्दल मिळालेला स्टीलचा डबा आमच्याकडे अजून वापरात आहे. जेवताना मी त्यांना घोट्यांबद्दल विचारले. त्यांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देते :

"जेवनाच्या सुट्टीत आमी सगळ्यायचे डबे एका परातीत ओतत होतो. एकाच्या डब्यात मटन अन् दुसऱ्याच्या डब्यात चटणी, असं आमच्यात चालत नव्हतं. मंग गोळ्या आल्या. रामाजीचं डोकं दुखनं आठ दिवसांत गेलं, माहं काही जाईना. म्हनलं, याले चांगली अन् मले हलकी, हे कावून? सगळ्यायच्या बाटल्या परातीत ओतल्या, हात फिरवला, अन् मुठीमुठीनं वाटून घेतल्या. बाकीच्या पाळ्यायनं पाह्यलं, तं त्यायनंही तसंच केलं."

चाचणीच्या डॉक्टरांना हे तेव्हा का सांगितले नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, "त्यानं इचारलंच नाही. इचारलं असतं तं त्यालेही देल्ल्या असत्या."

५. याचा अर्थ असा की पूर्ण मात्रेचा गट आणि अर्ध्या मात्रेचा गट हे फक्त अहवालात होते. प्रत्यक्षात सर्वांनी एकच मिश्रण खाल्ले, म्हणून सर्वांचा रक्तदाब सारखा उतरला आणि घोटेही सारखे सुजले. अर्धी मात्रा पुरते हे त्या चाचणीने सिद्ध झालेले नाही. कोक ओव्हनमध्ये वाटप न्याय्य होते, एवढेच सिद्ध झाले आहे.

६. हे मी कळवल्यावर आपल्या कक्षाने पहिल्या उत्तरात पुरावा म्हणून मिसळलेल्या गोळ्या सादर करण्यास सांगितले. त्या खाल्ल्या गेल्या आहेत. दुसऱ्या उत्तरात चाचणीतील सर्व सहभागींची निवेदने, आणि मयत सहभागींच्या बाबतीत त्यांची स्वतःची हरकत नसल्याचे पत्र मागितले. मयत सहभागींनी अद्याप कोणतीही हरकत घेतलेली नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणते. हयात असलेल्यांपैकी कुम्हारी येथील श्री. रामाजी हटवार यांनी निवेदन दिले आहे. त्यात त्यांनी पुढील वाक्य घालायला लावले : "तुह्या आजाचा बीपी गोळीनं नाही, माह्या डब्यातल्या झुनक्यानं उतरला. अर्जात लिहून टाक, नाही तं मी सही करत नाही." सहीसाठी ते नोंदवले आहे. पुरावा म्हणून त्याचा विचार होऊ नये.

७. तिसरे उत्तर यंत्राबद्दल होते. अहवालानुसार श्री. गुलाबराव हे अर्ध्या मात्रेवर रक्तदाब आटोक्यात आलेले रुग्ण आहेत, त्यामुळे १९०/११० हा आकडा केंद्रातील यंत्राचा दोष समजावा, असे त्यात होते. त्याप्रमाणे यंत्र दुरुस्तीला गेले आणि परत आले नाही. तेव्हापासून केंद्रात वाढलेल्या रक्तदाबाचा एकही रुग्ण आढळलेला नाही, आणि या कामगिरीबद्दल आपल्या कक्षाने केंद्राला प्रशस्तिपत्र दिले आहे. यंत्र ज्या खिळ्याला टांगलेले असे, त्याच खिळ्याला ते प्रशस्तिपत्र लावले आहे. जुनवानीला राहणाऱ्या मैत्रिणीकडचे यंत्र मागून मी आजोबांचा रक्तदाब घरी मोजते. काल तो १९४/११२ होता.

८. गोळी स्वस्त आहे, दुकानातून आणून पूर्ण का देत नाही, असे आपणास वाटेल. मी आणली आहे. आजोबा घेत नाहीत. कोक ओव्हनमध्ये गॅसचे काम लेखी परवान्याशिवाय होत नसे, आणि त्यांनी नोकरीभर तोंडी सांगण्यावरून एकही व्हॉल्व्ह उघडला नाही. डॉक्टर तोंडी म्हणतात पूर्ण, कागद म्हणतो अर्धी, म्हणून ते अर्धी घेतात. शिवाय त्यांचा नियमावर विश्वास आहे. "आमच्यावरच तपासून पाह्यलं न बाई, मंग चुकीचं कसं राहीन?" असे ते विचारतात. गोळ्या मिसळल्याने चाचणी कशी बिघडली, हे मी त्यांना गरम आणि थंड पाण्याच्या बादल्या एकत्र ओतून दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे सगळ्यायले सारखं भेटलं. चांगलंच तं झालं."

पूर्ण गोळी कुटून त्यांच्या वरणात घालावी, असे आजीने सुचवले. मी नकार दिला. माणसाला न सांगता त्याच्या पोटात औषध घालणे मला पटत नाही, आणि गुपचूप मिसळण्याचा परिणाम काय होतो हे आपण सत्तावीस वर्षे पाहत आहोत.

९. नियम रद्द करायचा तर नवी चाचणी करावी लागेल, हे मला मान्य आहे. तिची वाट पाहण्याइतका वेळ आजोबांच्या डाव्या हाताला आहे की नाही, हे मला माहीत नाही. म्हणून नियम रद्द करा, अशी मागणी मी या अर्जात करत नाही. या एका माणसासाठी एक ओळ, सही आणि गोल शिक्का एवढेच मागते. ओळीचा मसुदा सोबत जोडला आहे. कोक ओव्हनच्या परवान्यासारखाच तो आखला आहे, म्हणजे त्यांना ओळखीचा वाटेल.

१०. आता तातडीचे. आपल्या कक्षाची सूचना काल घरी आली. ओळख पटवण्यासाठी श्री. गुलाबराव यांनी सोमवार, दिनांक २४ रोजी सकाळी अकरा वाजता आपल्यासमोर स्वतः हजर राहावे, असा तीत आदेश आहे. आपला कक्ष तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. डॉक्टरांनी त्यांना जिने चढू नका असे बजावले आहे, पण तोंडी. आपला आदेश लेखी आहे. आजोबांनी कालच पांढरा सदरा इस्त्रीला दिला.

मी, आई आणि आजी, तिघींनी सांगून पाहिले. त्यांचे उत्तर एकच आहे : "साहेबाची सही आहे खाली." सोमवारपूर्वी आपली दुसरी सही त्यांच्या हातात पडली नाही, तर ते येतील आणि तिन्ही जिने चढतील. दुसऱ्या सहीच्या वर काय लिहायचे, पूर्ण गोळी घ्या किंवा निदान येऊ नका, हे आपण ठरवावे. तो कागद नेण्यासाठी मी उद्यापासून रोज कक्ष उघडण्याच्या वेळी आपल्या दाराशी उभी असेन.

आपली नम्र,
(सही)
हर्षा राजकुमार कापगते

सोबत :
१) श्री. गुलाबराव कापगते यांचे निवेदन (मराठी)
२) श्री. रामाजी हटवार यांचे निवेदन (मराठी, झुनक्यासह)
३) चाचणीच्या अहवालातील घोट्यांच्या सुजेचे पान
४) आदेशाचा मसुदा, सही व शिक्क्यासाठी जागा सोडून