गोळीला कमरेचा पत्ता कोण सांगतं?

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठकू हिस आजीचे पोटभर आशीर्वाद. सांगणारी मी, लिहिणारा तुझा बाप.

पन्नाशी उलटल्यावर त्याने बसची स्टेपनी एकट्याने उचलली आणि कमरेत उसण भरून घेतली. दोन दिवस खुर्चीतून उठताना सरड्यासारखी मान वर करत होता. डॉक्टरांनी स्नायू सैल करायच्या गोळ्या दिल्यात, दहा दिवसांच्या. तो सध्या रजेवर असून घरीच आहे, काळजी नसावी.

तू औषधांच्या दुकानात असतेस, म्हणून विचारते. गोळी जाते पोटात, मग तिला कमरेचा पत्ता कोण सांगतं? जाता जाता गुडघ्यापर्यंत उतरते का? उतरत असेल तर एक मीही घेईन म्हणते. माझा जीव तुझ्यात आहेच. तुझा थोडा उत्तरात घालून धाड.

— आजी

दि. ६ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नावर आमच्या दुकानात अर्धा तास वाद झाला. अगं, गोळीला पत्ता माहीतच नसतो. ती रक्तातून सगळीकडे हिंडते. दुखरा स्नायू आखडून बसतो ना, त्याला ‘आखडून राहा’ असे निरोप मेंदूकडून आणि पाठीच्या कण्यातून जातात. ते ती मंद करते. पण त्याबरोबर अख्खं माणूसच मंदावतं. झोप येते, चक्कर येते. म्हणून थोड्याच दिवसांपुरती देतात. बाबा घरी आहेत हे वाचून हायसं वाटलं, कारण ही घेऊन बस चालवणं म्हणजे झोपेत चालवणं.

आणि तू त्या पाकिटाला हात लावू नकोस! तुझ्या वयात तोल जातो. गुडघ्यासाठी घेशील आणि खुबा मोडून बसशील. माया आहे तशीच ठेव, गोळीशिवाय.

— ठकू

दि. ८ फेब्रुवारी

चि. ठकू हिस आशीर्वाद. आज लिहिणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, कारण तुझा बाप कामावर गेलाय.

हो, कामावर. रोज पहाटेची पहिली बस तोच काढतो. मागच्या पत्रात मी तीनदा विचारलं होतं, की गोळी खाऊन हा ताटावर पेंगतो, तर याने बस चालवावी का? तुझ्या उत्तरात त्याचा पत्ताच नाही. नात उद्धट झाली म्हणावं, तर गुडघ्याचंसुद्धा उत्तर आलंय! मला अक्षर येत नाही, पण चाळीस वर्षं पत्रं सांगतेय. किती बोललं की पेन किती चालतं, ते बरोबर कळतं. त्या दिवशी मी लांबलचक बोलले आणि पेन एका ओळीत थांबलं. मला वाटलं, बिचाऱ्याची कमर दुखतेय.

काल तुझं पत्र बाईंकडून पुन्हा वाचून घेतलं. त्याने वाचताना माझा खुबा ठणठणीत वाचला होता, बस तेवढी गिळली. जाब विचारला तर म्हणतो, रजा मागितली की डेपोतली पोरं म्हातारा म्हणतील. आणि असल्या सूचना तर प्रत्येक पाकिटावर असतात. माझं बोलणं त्याला पाठ झालंय. म्हणून या खेपेस अक्षरं नकोत, चित्र काढून धाड. बाईंची शिवण खोळंबलीय, आशीर्वाद घाईचेच घे.

— आजी

दि. ११ फेब्रुवारी

चि. ठकू हिस आशीर्वाद. लिहिणारा पुन्हा तुझा बाप.

चित्र काल आलं. जन्मात पहिलं पत्र मी स्वतः उघडलं आणि स्वतः वाचलं. बस, स्टिअरिंगवर मान टाकलेला हा, टक्कल हुबेहूब, आणि खिडकीखिडकीत एकेक तोंड. एकात मी, बोळकी. एवढं खरं काढायची गरज नव्हती.

ते मी त्याच्या गणवेशाच्या खुंटीला टांगलं. आज पहाटे त्याने शर्टाला हात घातला आणि खिडक्याच बघत राहिला. मग शर्ट तिथेच ठेवून घरच्या कपड्यांत डेपोत गेला आणि साहेबांपुढे गोळ्यांचं पाकीट ठेवून आला. गोळ्या संपेपर्यंत चौकशीच्या खिडकीत बसणार आहे. कोणी म्हातारा म्हणालं का, विचारलं. म्हणाला, एकाने खुर्चीवर उशी आणून ठेवली, ते त्याहून वाईट.

आज पेन माझ्याबरोबर चाललं आणि माझ्याबरोबर थांबलं. शेवटची ओळ त्याला दिलीय. ती मी मोजणार नाही. लोभ असू दे आणि चित्रं येऊ दे.

— आजी

ठकू, परवा सिग्नल हिरवा झाला तेव्हा मागच्यांनी हॉर्न वाजवला म्हणून मी जागा झालो. गाडीत एकेचाळीस माणसं होती.

— बाबा