आईचा फोटो, घुबडाचं सेटिंग

३ तारीख, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणी वाचायची नाही. बायकोने तर नाहीच.

आईचे पुढचे चार दात एकवीस तारखेला काढायचे ठरले. त्याआधी स्वतःच्या दातांसकट एक चांगला फोटो हवा, असं आईने जाहीर केलंय. पुढेमागे भिंतीवर लावायला. बाबांचा भिंतीवरचा फोटो कुठल्यातरी ग्रुप फोटोतून कापून काढलेला. खांद्याला लागून भलत्याच माणसाचं कोपर आहे. आई ते कोपर रोज बघते. माझी तशी गत करू नका, म्हणाली.

बायको म्हणाली, चौकातल्या स्टुडिओत जाऊ. मी म्हटलं, घरात एवढा महागडा कॅमेरा असताना? (आतापर्यंत फक्त पडद्याचे फोटो काढलेत. सगळे हललेले. पण पडदे हलतातच.)

५ तारीख
शोध लागला! डिजिटल फोटोच्या पोटात त्याचं सेटिंग लिहिलेलं असतं. फोटोवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, लेन्स, सगळं हजर. कॅमेराच लिहून ठेवतो. मग लोक फोटोग्राफीच्या क्लासला पैसे कशाला भरतात? बक्षीस मिळालेला फोटो डाउनलोड करायचा, आकडे बघायचे, आपल्या कॅमेऱ्यात घालायचे. झालं.

बायकोला समजावलं. ती म्हणाली, शेजारणीच्या चपला घातल्या म्हणून तिच्यासारखं चालता येतं का. विषय काय, ही बोलते काय.

८ तारीख
फोटो निवडला. पहिलं बक्षीस. डोळ्यांत चमक अशी, की बघत राहावं. उजेड किती होता ते आकड्यांत कुठेच दिलेलं नाही. म्हणजे ते महत्त्वाचं नसणार.

फोटो घुबडाचा आहे. आईला सांगायची गरज नाही.

९ तारीख, रविवार, भर दुपारी
घुबडाची लेन्स लांब पल्ल्याची. तसलीच मेहुण्याकडून मागून आणली. तिच्यातून घरात आईचं नुसतं नाक दिसतं. म्हणून मी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, आई आमच्या बाल्कनीत. फोनवरून सूचना. हसत राहा, असं ओरडून सांगितलं. खाली माणसं जमली. वॉचमनने वर येऊन मला खाली उतरायची विनंती केली. अगदी समजुतीच्या सुरात.

फोटो पांढरे. आई नाही, बाल्कनी नाही, पांढरंफेक. मी लगेच डिटेल्स उघडून ताळा केला. घुबडाशी आकडा न् आकडा जुळतो. म्हणजे फोटो बरोबर आहे. आई हलली असणार.

रात्री जेवताना बायकोने घुबडाचं फोडलंच. आईने भात कालवून घेतला. मग म्हणाली, अरे, घुबडाला दात नसतात, एवढं तरी बघायचं होतंस.

१० तारीख
मुद्दा बिनतोड आहे. पक्षी बंद.

१५ तारीख, संध्याकाळ
आज बक्षीस मिळालेल्या धबधब्याच्या फोटोचं सेटिंग. शटर तीस सेकंद. हॉलमध्ये पडदे ओढून आईला सोफ्यावर बसवलं आणि तीस सेकंद हसायला सांगितलं. इतकं एका दमात आपण उभ्या जन्मात हसलो नाही, म्हणाली. तरी तयार झाली. सुरू करतो तोच बेल वाजली. आई उठली, इस्त्रीवाल्याकडून कपडे मोजून घेतले, परत येऊन बसली आणि हसली. तोवर तीस सेकंद कधीच संपले होते.

सोफा अप्रतिम आलाय. शिवणीचा दोरा न् दोरा मोजावा. आई नाही. तिच्या जागी थोडी वाफ. बायको म्हणाली, हे त्यांना दाखवू नका. पण आईने मागून पाहिलंच. म्हणाली, भिंतीवर जायच्या आधीच नाहीशी केलीस रे.

तो रिकामा सोफा बघवेना. फोटो डिलीट केला. डिटेल्स न बघता.

१९ तारीख
चूक सापडली. काही फोटोंच्या डिटेल्समध्ये अंतरसुद्धा असतं! मी सगळे फोटो अंतर न मोजता काढत होतो. आता एका बक्षीसपात्र आजोबांचा फोटो घेतलाय. माणूस आहे, दातही आहेत. अंतर दीड मीटर. शिवणाच्या डब्यातली टेप काढली. एक टोक आईच्या नाकाला, दुसरं लेन्सला. आईला गुदगुल्या. टेप सुटायची, मी पुन्हा लावायचो. सिरियस व्हायला सांगितलं तर जास्तच हसायला लागली. बायको मोबाइल घेऊन उगाच मध्येमध्ये. तिला बाजूला व्हायला सांगितलं.

शेवटी मनासारखे चाळीसएक फोटो झाले.

तासाभराने
कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं. पण फोटो उत्तम होते.

२० तारीख
उद्या सकाळी लवकर उठून काढायचाच. काय वाट्टेल ते होवो. कार्ड घातलं. बॅटरी चार्जिंगला लावली.

२१ तारीख
चार्जरचं बटण चालू केलं नव्हतं. दात गेले.

आई तोंडात कापूस धरून घरी आली. माझ्याकडे बघून, असू दे, अशी मान हलवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२४ तारीख
बायकोने स्टुडिओतून आईचा फोटो फ्रेम करून आणला. एकोणीस तारखेचा, तिच्या मोबाइलवरचा. आई तोंडभर हसतेय. दात सगळे. डोळ्यांत चमक, घुबडापेक्षा जास्त. मला इतका आवडला की राग आला.

शिकायचं तर कुणाकडूनही शिकावं. बायको आत गेल्यावर तिच्या मोबाइलवर डिटेल्स उघडले. मोड: ऑटो.

फोटोच्या उजव्या कडेला एक कोपर आहे. माझं. टेपसकट. स्टुडिओवाला ते कापून द्यायला तयार होता, पण आईने फोनवरून नको सांगितलं म्हणे. मी विचारलं, का? म्हणाली, हे कोपर ओळखीचं आहे.

फोटो दिव्याखाली नेऊन नीट पाहिला. आईचा केस न् केस स्पष्ट आहे.

कोपर हललंय.