दस्त्याखालच्या दोन चिठ्ठ्या

राइशेनबाख
रविवार, ११ मे २०१४

प्रिय फ्रेडी,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि तीनशे मीटरवरचं निशाण पुन्हा एकाचं एकच दिसतंय, हे वाचून बरं वाटलं. आता निदान माझ्या निशाणावर गोळ्या घालणं थांबवशील. इकडे आम्ही ठीक आहोत. नीझनच्या माथ्यावर अजून बर्फ आहे, खाली गवत गुडघ्यापर्यंत आलंय. एल्सबेथचा गुडघा मात्र कुरकुरतो. काल मी रायफलीचा बोल्ट पुसत बसलो होतो, तर म्हणाली, "या लोखंडाला लावतोस त्यातलं थोडं तेल मला लावलं असतंस, तर मी आज जिना पळत चढले असते."

बातमी अशी की ल्युसर्नच्या प्रदर्शनात मला अखेर कॅडेट रायफल मिळाली. शाळकरी मुलांच्या सरावासाठी केलेली, एका वेळी एकच काडतूस घेणारी. सात वर्षं शोधत होतो. विकणारा गोडबोल्या होता. मी बोल्ट काढून त्यावरचा नंबर पाहिला, मग नळीवरचा. दोन्ही जुळले. तो म्हणाला, "साहेब, माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" म्हटलं, "तुमच्यावर आहे, तुमच्या आधीच्या मालकावर नाही." शेवटी त्यानेच कॉफी पाजली.

परवा आपल्या संग्राहक मंडळात नव्या लोकांना जुनी रायफल कशी उघडायची ते दाखवलं. एकाने विचारलंच, एका टेबलावर एका वेळी एकच रायफल का? बाकीचे माझ्याकडे बोट दाखवून हसत म्हणाले, "तो नोल्डीचा नियम आहे." मीही नेहमीसारखं म्हटलं, शिस्त म्हणून.

ते खरं नाही. तो नियम कुठून आला हे तुला सांगायला हे पत्र लिहितोय, आणि दीड पान इकडचं तिकडचं लिहून झालं.

तू लिहिलंयस की चर्चची नोंदवही आणि टेलिफोनची यादी दोन वर्षं चाळून तुला सामुएल ग्रोसेनची नात सापडली. रेगुला. आडेलबोडेनला चीज करते. येत्या शनिवारी आपली नेमबाजी संपली की तू तिच्या आजोबांची रायफल तिच्या हातात ठेवणार. तिने फोनवर तुला विचारलं, "आजोबा स्वयंपाकघरात रायफल पुसायला बसायचे. मला दात येत होते तेव्हा मी दस्ता चावायचे म्हणे. खुणा आहेत का हो?" तू भिंग घेऊन पाहिलंस. काहीच दिसलं नाही. मग तिला सांगितलंस की लष्करी कारखान्यात दस्ता घासून काढला असेल. "मग राहू दे ते," ती म्हणाली, असं तू लिहिलंयस.

फ्रेडी, कुणी काहीही घासलेलं नाही. खुणा आहेत. चार बारीक खड्डे, दस्त्याच्या खालच्या कडेला. चौदा वर्षं मी त्यांना उंदराचे दात समजत होतो. ती रायफल माझ्या कपाटात आहे.

आता सरळ सांगतो. जुन्या नेमबाजी संघाची कोठी रिकामी झाली तेव्हा आपण दोघांनी मिळून दोन एकतीस, म्हणजे १९३१ सालच्या नमुन्याच्या लष्करी रायफली, घेतल्या. एक पहिल्या खेपेतली, अक्रोडाच्या दस्त्याची, जिच्यासाठी संग्राहक जीव टाकतात. दुसरी बीचच्या लाकडाची, चारचौघींसारखी. साफ करायला मी दोन्ही घरी आणल्या. दस्त्याच्या टोकाची पट्टी उघडली, तर दोन्हींत सैनिकाच्या नावाची चिठ्ठी निघाली. दोन्ही दमट होत्या. मी त्या शेगडीच्या फरशीवर शेजारी शेजारी वाळत ठेवल्या. संध्याकाळी घडी घालून परत ठेवल्या. कुठली कुठे, हे लिहून ठेवलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या लक्षात आहे.

पुढच्या रविवारी तू आलास. मी म्हटलं, निवड तुझी. तू दोन्ही चिठ्ठ्या वाचल्यास आणि ग्रोसेनच्या नावावर थांबलास. "हा तर माझ्या बाबांच्या कंपनीतला. त्यांच्या तोंडी सारखं याचं नाव असायचं. मला हीच दे. लाकूड तू ठेव, मी माणूस घेतो." आणि तू बीचची घेऊन गेलास.

इथवर ती निव्वळ चूक होती. तिची मला लाज नाही. पुढचं मात्र वेगळं.

दोन हिवाळ्यांनी मी माझ्या रायफलीची पट्टी पुन्हा उघडली. खालच्या लाकडावर फिकट जांभळी अक्षरं दिसली. इतकी वर्षं ओल धरून बसलेल्या चिठ्ठीची शाई लाकडात उतरली होती, उलटी. मी एल्सबेथचा हातात धरायचा आरसा आणला. आरशात स्वच्छ वाचता आलं: ग्रोसेन, सामुएल, आडेलबोडेन. एल्सबेथ मागे उभी होती. तिने विचारलं, "म्हणजे फ्रेडीने ही निवडली असती?"

"हो."

"मग कळव त्याला."

"कळवतो," मी म्हटलं. याला बारा वर्षं झाली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, पण तेव्हापासून तो आरसा तिने माझ्या हाती दिलेला नाही.

का कळवलं नाही, तर ती रायफल मला हवी होती. बाकी सगळी कारणं मी नंतर जमवली. कागदाचा तुकडा तो, त्याने काय बिघडतं. फ्रेडी खूश आहे. तू तर तुझी रायफल डावीकडे मारते म्हणून दर वर्षी बिचाऱ्या ग्रोसेनला बोल लावायचास. "डावखुरा असणार लेकाचा," म्हणायचास, सगळे हसायचे आणि मीही हसायचो. ग्रोसेनची रायफल रेसभरही इकडेतिकडे जात नाही, फ्रेडी. तिच्यावर मी तीन मानचिन्हं मिळवली आहेत.

तू आणखी एक पान लिहून मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाहीये. काय करायचं ते माझं ठरलं आहे. तो दस्ता घासला गेला, असं समजून त्या बाईने घरी जाऊ नये. शनिवारी नऊ वाजता मी ग्रोसेनची रायफल घेऊन मैदानावर येतो. सोबत मालकी बदलायचे दोन करारनामे पाठवले आहेत. पहिला माझ्याकडून तुला. त्यावर माझी सही झाली आहे. दुसरा तुझ्याकडून रेगुलाला, त्यावर तू सही कर. मधला टप्पा गाळता आला असता, पण ती तू निवडली असतीस, म्हणून देणारा तूच असायला हवास. ती चौदा वर्षं कुणाकडे होती आणि का, हे तिला मी सांगेन. तू आधी काही सांगू नकोस.

बीचची तुझ्याकडेच ठेव. तिची खरी चिठ्ठी याच पाकिटात आहे: बुलमान, हेर्मान, श्पीत्स. ती आता जागच्या जागी जाऊ दे. डावखुरा होता की नाही, ते मला माहीत नाही.

एल्सबेथ म्हणते, तिचाही नमस्कार लिही. हे पत्र तिने वाचलं आहे. वाचून होताच उठली आणि स्वतः जाऊन पाकिटाला तिकीट लावून आली.

तुझा मित्र,
(हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते शनिवारी तू मला तोंडावर सांग)

नोल्डी