आईच्या फुप्फुसातली पोकळी

प्रिय बुद्धप्रिय,

जय भीम. फोनच करणार होते, पण फोनवर तू आधी रडतोस आणि मग ऐकतोस. म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच.

आपल्या आईच्या छातीच्या स्कॅनमध्ये ती पोकळी दिसली, तेव्हा निपाणीत सगळ्यांनी आपापला निकाल देऊन टाकला. अर्ध्या गल्लीने क्षय म्हटलं आणि तिचं ताट वेगळं करायला सांगितलं. उरलेल्यांनी कॅन्सर म्हटलं, कारण आईचा जन्म तंबाखूच्या वखारीत गेलेला. इथे बेळगावात माझे वरिष्ठ डॉक्टरही कॅन्सरकडेच झुकत होते. तुला तेवढंच कळवलं, आणि तू तिकडे हैदराबादला हातपाय गाळून बसलास.

मला मात्र पटेना. पुन्हा पुन्हा तपासूनही क्षयाचे जंतू सापडत नव्हते. पोकळी होती खालच्या भागात, आत पू आणि वर हवा. थुंकीला तर इतका घाण वास, की मी आईला तोंडच उघडायला लावलं. बाईसाहेबांच्या दाढा पार किडलेल्या! मिश्री लावतेस का विचारलं, तर "न्हाय गं, कवाच सोडली" म्हणाली. उशीखाली हात घातला, तर डबी. चक्क वॉर्डात! डॉक्टर लेकीला कळू नये म्हणून ती घरी असल्यापासूनच रोज रात्री झोपेची गोळी घेतल्यावर मिश्रीची चिमूट दाढेत धरून झोपायची. गुंगीत ती लाळ किडक्या दाढांतले जंतू घेऊन थेट फुप्फुसात उतरत होती.

दुर्बीण घालून आतला तुकडा तपासला. कॅन्सर नाही रे, क्षयही नाही! फुप्फुसात गळू झालं होतं. दाढा काढल्या, दीड महिना औषधं दिली. पोकळी भरल्याचं डोळ्यांनी दिसेपर्यंत तुला खोटी आशा द्यायची नव्हती, म्हणून कळवलं नाही. काल परत स्कॅन केला, तर पोकळीच्या जागी फक्त बारीक व्रण. वरिष्ठांनी सगळ्या ज्युनिअर डॉक्टरांना बोलावून तो दाखवला आणि मी अशी काही मिरवले, तू बघायला हवं होतंस. आई डबी परत मागते आहे. मिळणार नाही.

आता पत्राचं खरं कारण. आईचे डोळे मिटायच्या आत म्हणून तू पुढच्या रविवारी घाईघाईने लग्न उरकणार आहेस, हे मला तुझ्या होणाऱ्या बायकोनेच, पूर्णिमाने सांगितलं. ती तारीख रद्द कर, शहाण्या. पूर्णिमाला हवं होतं तसं उन्हाळ्यात, निपाणीत, अख्ख्या गल्लीला बोलावून कर. ज्यांनी आईचं ताट वेगळं करायला सांगितलं, त्यांच्या पानात आई स्वतःच्या हाताने वाढणार आहे.

तुझीच,
नीलम आक्का