न धुता पाठवलेली ओढणी

सीवूड्स, ता. ९ जून २०२५

चि. सौ. गीतांजलीस सासूचे अनेक आशीर्वाद.

सांगतेय मी, लिहितोय हा विश्वजित, तुझा नवरा. अक्षर लागलं नाही तर त्याला बोल. न्हावा शेव्याला कामावर जाताना जासईत तुझ्या माहेरी पत्र देईल. डॉक्टरांनी तुझा फोन काढून घेतला ते बरं झालं. फोन असता तर जागीच राहिली असतीस, आणि झोप उडाली की तुझा तो बायपोलर पुन्हा डोकं वर काढतो. बाळंतपणानंतर पाहिलंच आपण. आधी रात्ररात्र गाणी, मग भिंतीकडे तोंड.

तुझी ज्ञानेश्वरी आता पालथी पडते. हसते मात्र मला बघूनच. विश्वजित टाळ्या वाजवून दमला, तर त्याच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघते.

आईचा वास विसरू नये म्हणून तू न धुता पाठवलेली ओढणी अंथरली. पण ती ढुंकून बघत नाही गं, तिला माझंच लुगडं लागतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ माझ्यासाठीही थोडा शिल्लक ठेव.

मुक्ताबाई


जासई, ता. ११ जून २०२५

ती. आईंस शि. सा. न.

गोळ्या वेळेवर घेते, सात तास झोपते. काल दवाखान्यात डॉक्टरांनी बाळांचे फोटो दाखवून विचारलं, हे बाळ काय म्हणतंय? आठांतले पाच बरोबर आले. पूर्वी मला सगळी तान्ही तोंडं रागावलेलीच दिसायची. ज्ञानू रडली की वाटायचं, ही मला हाकलतेय. तिला नुसती भूक असायची, आई.

ती तुम्हाला बघून हसते हे वाचून मी जळले, खोटं कशाला बोलू? पण तिला माझा वासही नको असेल, तर रविवारी घरी परतायचं ठरलंय तरी मी येत नाही. तुमच्याजवळ ती सुखात आहे, तुमचीच राहू द्या. ह्यांना मी सांगितलेलं नाही. हे पत्र शेजारच्या मालतीबाईंकडून वाचून घ्या आणि ह्यांना तुम्हीच सांगा.

आशीर्वाद तेवढा काढून घेऊ नका.

गीतांजली


सीवूड्स, ता. १२ जून २०२५

चि. सौ. गीतांजलीस आशीर्वाद, घेणार असलीस तर.

तुझं पत्र मालतीबाईंनी वाचलं, हेही त्याच लिहितायत. पोराच्या हातून हे लिहून घ्यायची मला लाज वाटली.

ती ओढणी मी धुतली. आली त्याच दिवशी, साबण लावून, दोनदा. मालतीबाई पेन थांबवून माझ्याकडे बघतायत. लिहा हो बाई! दोन महिने पोरीला अंगाखांद्यावर वागवली, तेल लावलं, आणि वाटलं, एका फडक्याच्या वासावर ही मला विसरणार. ह्या वयात बाईला एवढं जळता येतं, मला ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात गेलीस तेव्हाचा तुझा गाऊन कपाटात तसाच, न धुतलेला होता. आज तो अंथरला. तिनं त्यात नाक खुपसलं, दोन्ही मुठींत धरला आणि झोपली. मी थोपटायला गेले तर कुरकुरली, लबाड!

तेव्हा रविवारी येच. तुला रात्रीची झोप हवी, म्हणून रात्री ती माझ्याजवळ. दिवसभर तुझी. रडली तर मला हाक मारू नकोस, आधी तिच्या तोंडाकडे नीट बघ. चुकलीस तर चुकलीस. मी स्वयंपाकघरात असेन. जळत असेन, पण बाहेर येणार नाही.

लोभ धरावा असं मी काही केलेलं नाही. तरी धर.

मुक्ताबाई