टोपी घातलेलं कोहळं

बाई, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी आहे. तुम्ही आमच्या गावच्या शाळेत आलात तेव्हा फार तर तिशीच्या असाल. आम्हां आठवीतल्या पोरींना तुम्ही म्हाताऱ्या वाटायचात. आज तिशीची शिक्षिका समोर आली की मला ती पोर वाटते, तिच्या साडीच्या निऱ्या नीट बसल्यात का हे बघावंसं वाटतं, आणि मग तुम्ही आठवता. प्रेमानं आठवता असं मी लिहिणार नाही. तुम्हांला खोटं वाक्य लगेच कळायचं.

नवा महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. पुण्याच्या बाई आपल्या शाळेला मिळाल्या म्हणून कमिटीच्या लोकांना कोण अभिमान. माझे वडील कमिटीवर होते. त्यांनीच तुमची ट्रंक बैलगाडीतून उतरवून घेतली होती. गळ्यात मंगळसूत्र आणि बरोबर कुणी नाही, हे बायकांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. तुम्ही मराठी आणि हस्तकला शिकवायचात. पहिल्याच आठवड्यात मी उठून म्हणाले, "बाई, मले कातर द्या." तुम्ही कातर उचललीत, पण दिली नाहीत. "मले? हे मले कोण? तुझ्या शेजारी बसतात का?" वर्ग हसला. मला कळलंच नाही काय चुकलं. मी पुन्हा म्हणाले, "मले कातर पाह्यजे." तुम्ही मला तास संपेपर्यंत उभं ठेवलंत आणि कातर टेबलावर माझ्यासमोर ठेवून दिलीत. त्या दिवसापासून माझं नाव 'मले' पडलं. मैत्रिणी म्हणायच्या, विहिरीवर बायका म्हणायच्या, माझा धाकटा भाऊसुद्धा म्हणायचा. आई म्हणाली, "जाऊ दे वं, बाई शिकलेल्या हायेत." आईला ते नाव ऐकून हसू यायचं, हे मी पाहिलं होतं.

पण हस्तकलेत माझा हात चांगला होता आणि तुमच्या ते लक्षात आलं होतं. माझी घडी कधी वाकडी पडायची नाही. माझं काम तुम्ही वर्गाला दाखवायचात, मग माझ्याकडून काहीतरी वदवून घ्यायचात, आणि सगळे हसायचे. दोन्ही गोष्टी एकाच तासात. मी घरी जाऊन चुलीपुढे बसून 'मला, तुला, त्याला' घोकायची. आई विचारायची, "काय पुटपुटून राह्यली वं पोरी?" मी म्हणायची, "काई नाही." ते 'काई' पण चुकीचं होतं.

दसरा झाल्यावर तुम्ही वर्गात एक रंगीत पान आणलंत. कुठल्याशा अमेरिकेच्या मासिकातलं, गुळगुळीत. त्यात ओळीनं लाल भोपळे मांडलेले, त्यांना कोरून डोळे आणि दात केलेले, आत दिवे. तुम्ही सांगितलंत, तिकडे या दिवसांत भुतांचा सण असतो, लोक संध्याकाळी एकत्र जमून घरच्या घरी अशी सजावट करतात. "आपणही करू. तुम्ही सगळ्या माझ्या खोलीवर या. दिवाळीचे कंदीलही तिथेच करू." एक मुलगी घाबरून म्हणाली, "भुताचा सण? अन् तो काऊन आपल्या घरी आनाचा, बाई?" तुम्ही तेव्हा मोकळेपणानं हसलात. तुम्हांला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

अमडापूरच्या बाजारातून आठ कोहळी आणली. पण तुमची घरमालकीण काकू दारातच आडवी आली. "अख्खं कोहळं बाईमानसानं कापू नाही, बाई. पयला घाव गडीमानसाचा लागते. मंग कापा खुशाल." तुम्ही म्हणालात, हा लाल भोपळा, कोहळा वेगळा, तो पांढरा असतो. काकू म्हणाली, "लाल असो का पांढरं. घरात मानूस असते तर मी काई म्हनलं नसतं." तुम्ही सुरी आत ठेवून दिलीत आणि आम्हांला सांगितलंत, "कोरायचं नाही. रंगवायचं." मी तुमच्या शेजारीच उभी होते. घरात माणूस नाही, या शब्दांनी तुमचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. आणि माझ्या डोक्यात एक वाक्य तयार झालं. आठवडाभर मी ते विहिरीच्या वाटेवर म्हणत होते, प्रत्येक अक्षर घासून घेत होते. ठरल्या दिवशी वडिलांची काळी टोपी खुंटीवरून काढून मी परकराच्या ओच्यात लपवून नेली.

तुमची खोली मला आजही दिसते. ऊन उतरलेलं आहे. सतरंजीवर घोटीव कागद पसरलेत, वाटीत चिंचोक्याची खळ, एका करवंटीत चुना, दुसरीत काजळी आणि तेल. बारा मुली आहेत. कुणी कोहळ्याला मक्याच्या कणसाचे केस चिकटवतेय, कुणी चुन्यानं दात काढतेय. एकीनं वाघाचं तोंड काढलंय, ते मांजरीसारखं झालंय म्हणून सगळ्या हसून लोळताहेत. तुम्ही पदर खोचून आमच्यात मांडी घालून बसला आहात आणि तुमच्या नाकाला काजळी लागली आहे. तुम्ही खुशीत आहात. माझा कंदील तुम्ही उचलून सगळ्यांना दाखवता. "बघा, कागदाच्या करंज्या कशा सारख्या आल्यात." मग माझ्याकडे वळून म्हणता, "हात पुण्याचा आहे हिचा. तोंड तेवढं वऱ्हाडचं." पोरी हसतात. तुम्ही पोहे आणायला आत जाता.

मी सगळ्यांत मोठं कोहळं उचललं. चुन्यानं डोळे काढले, काजळीनं जाड मिशा. टोपी चढवली. तुमच्या खुर्चीत ते ठेवलं, खाली तुमची शाल गुंडाळली, म्हणजे माणूस बसल्यासारखा दिसेल. पोरींना अजून कळलं नव्हतं, पण त्यांचे हात थांबले होते. काकू दारात येऊन उभी राहिली. तुम्ही पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आलात तशी मी उठून उभी राहिले, वर्गात उभी राहायची तशी, आणि म्हणाले, "बाई, तुमचे यजमान आले आहेत. आता भोपळा कापायला हरकत नाही."

एकही अक्षर चुकलं नाही.

पहिल्यांदा काकू हसली. मग पोरी हसल्या, आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. तुम्ही पातेलं धरून उभ्या होतात. तुम्ही खुर्चीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. तुम्ही मारलं असतंत तर बरं झालं असतं, असं लिहायची पद्धत असते. मला तेव्हा तसं काही वाटलं नाही. मला फार छान वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "वाक्य शुद्ध आहे." मग सगळ्यांना पोहे वाढलेत, मलाही. माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवायला विसरला नाहीत. नाकावरची काजळी मात्र तशीच होती आणि ते कुणी तुम्हांला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तेच बोलणं. "बाईचे मालक आले म्हन्ते पोरगी!" तिसऱ्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर कुणीतरी टोपी घातलेलं कोहळं ठेवलं. मग रोजच एक. शाळेच्या फळ्यावर मिशा काढलेल्या असायच्या. तुम्ही त्या पुसून तारीख लिहायचात. पाच-सहा दिवसांनी आमच्या घरी कमिटी बसली आणि तुम्हांला बोलावलं. चहा मी दिला. वडील तुमच्याशी आदरानं बोलत होते, म्हणूनच ते ऐकवत नव्हतं. "आमचं काई म्हननं नाही, बाई. पन लोकायले उत्तर काय द्याचं? पोरी तुमच्या घरी येतेत. तुमचे मालक राह्यतेत कुठं?"

तुम्ही म्हणालात, "मला माहीत नाही."

एवढंच. कुणी पुढं विचारलं नाही. वडिलांनी ती टोपी डोक्यावरून काढून मांडीवर ठेवली, तिच्या कडेला चुन्याचा बोटभर डाग होता. मी घासला होता, पण काळ्या कापडावरून चुना जात नाही. तुम्ही तो डाग पाहिलात. वडिलांनीही तुमची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि टोपी उलटी केली. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला त्याबद्दल कधीच विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तुम्ही कप खाली ठेवलात आणि मला म्हणालात, "चहा चांगला झालाय." दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही गेलात त्या परत आला नाहीत. या वेळी ट्रंक गाडीत चढवायला कमिटीचं कुणी नव्हतं, काकूच्या सालदारानं चढवली. तुमच्या जागी चिखलीचे एक मास्तर आले. ते आमच्यासारखंच बोलायचे. सहा महिने कुणी आमची चूक काढली नाही आणि मला मराठीच्या तासाला झोप यायला लागली.

मी पुढे शिक्षिका झाले. मराठीच शिकवली. तुम्ही गेल्याचं मला एका शिबिरात कळलं. तुमच्याबरोबर पुण्यात लहान मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. भावाच्या घरी होतात, पोटाचं दुखणं अंगावर काढलंत, असं त्या म्हणाल्या. यजमानांचं विचारावं असं फार वाटलं. विचारलं नाही. गावात इतक्या जणांनी विचारून झालं होतं.

हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पुढचा भाग मी बहुधा फाडून ठेवला असता. तुमच्या मरणाच्या दोन-एक वर्षं आधी आपली भेट झाली होती. मी अध्यापनाच्या शिक्षणासाठी पुण्यात होते, बसथांब्यावर उभी. तुम्ही वाळला होतात, हातात भाजीची पिशवी होती. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि जवळ येऊन विचारलंत, "तू बुलढाण्याकडची ना? कंदील फार सुरेख करायचीस?" मग नाव घेतलंत, मले नाही, माझं खरं. तुम्हांला ते माहीत होतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, "नाही हो, आपला काहीतरी गैरसमज होतोय. मी इथलीच, सदाशिव पेठेतली."

माझं बोलणं ऐकून तुमचा विश्वास बसला. तुम्ही म्हणालात, "माफ करा, माणूस चुकले." मी "असू द्या" म्हटलं आणि माझी बस आलेली नसतानाही समोर थांबलेल्या बसमध्ये चढले. ती कुठं जात होती ते मला कंडक्टरला विचारावं लागलं.