मामाच्या पुडीतले लाल ठिपके

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. फोनवर मामा तुझ्या शेजारीच बसलेला असतो, म्हणून पत्र.

त्याच्या झाडपाल्याच्या औषधाने तुझे गुडघे आठवड्यात दुखायचे थांबले, म्हणून माझ्या पाठीसाठीही पुडी पाठवलीस. इतक्या लवकर गुण? मला काही पटेना.

आमच्या लॅबमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरने औषधांतली भेसळ ओळखतात. त्याखाली चिमूटभर पावडर ठेवली. यंत्र प्रत्येक पदार्थाला वेगळा रंग देतं. पडद्यावर पाला हिरवा दिसला आणि त्यात लाल ठिपके, स्टेरॉइडचे. आधी यंत्रावरच संशय घेतला, काच पुसून पुन्हा पाहिलं. तेच! चुकून सांडलं असतं तर एका कोपऱ्यात दिसलं असतं. हे सगळीकडे सारखं पसरलंय, कुणीतरी निगुतीने खलल्यासारखं.

घाबरू नकोस. औषध एकदम बंदही करू नकोस, त्यानेही त्रास होतो. आधी पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. बाबा म्हणाले होते, "तुझ्या आईला या वयात बाळसं धरलंय." तेव्हा मी हसले होते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो. तुझा सुजलाय का गं?

मामाला इतक्यात काही बोलू नकोस. त्याचे गुडघे तर तुझ्याहून जास्त दुखतात. तो स्वतः ही पुडी घेतो का, तेवढं बघून कळव.

तुझीच,
शंकेखोर लेक